फुटक्या पडद्याचा लॅपटॉप

मी कामावरून निवृत्त झाले, तरी लोकांचा एक प्रश्न काही निवृत्त व्हायला तयार नाही. लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, मेहरूण तलावाच्या कडेने सकाळी फिरताना कुणी ना कुणी गाठतंच. "ताई, कोणता लॅपटॉप घेऊ?" मी विचारते, "त्यावर करणार काय?" बहुतेकांनी हा विचार केलेलाच नसतो. रंग ठरलेला असतो, भाचीचं मत घेतलेलं असतं, मुहूर्तही काढलेला असतो. काम तेवढं ठरायचं असतं.

मी जळगावात नवी पेठेतल्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करायची. दुकान पारसशेठचं. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन तिथे कापड विकलं, वडिलांनी रेडिओ विकले आणि पारसशेठनी कॉम्प्युटर. शेठना यंत्रातलं फारसं कळत नसे, पण गिऱ्हाइकातलं सगळं कळे. मी पॉलिटेक्निकची डिप्लोमावाली. दुकानात येणारा पहिला प्रश्न ठरलेला, "इंजिनीअर कुठे गेलेत?" मी पेचकस हातात धरून म्हणायची, "इथेच आहेत. बोला." मग माणूस जरा वेळ शेठकडे बघायचा. शेठ मान डोलवायचे आणि काम सुरू व्हायचं.

ही गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. लॅपटॉप तेव्हा आमच्याकडे क्वचित दिसायचा. कंपन्यांचे साहेब रेल्वेतून उतरताना काखेत धरून यायचे, त्यांच्या हातात पाहिला तेवढाच. आणि लिनक्स तर त्याहून दुर्मिळ. एका मासिकाबरोबर त्याची सीडी फुकट आली होती, ती मी हौसेनं घरच्या मशीनवर घातली. पहिल्यांदा काहीच चाललं नाही. दुसऱ्यांदा निम्मं चाललं. मग मला त्याचा नाद लागला.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर कॉम्प्युटरला चालवणारी एक मूळ व्यवस्था असते. बाकीच्या व्यवस्था म्हणजे टाके घालून बंद केलेली गादी. आत कापूस आहे की चिंध्या, बघायची सोय नाही. लिनक्सची शिवण उसवून आत बघता येतं, हवा तसा बदल करून पुन्हा शिवता येतं, आणि त्याबद्दल कुणी रागावत नाही. मात्र यात एक गोम होती. बाजारातले कितीतरी सुटे भाग ठराविक व्यवस्थेसाठीच बनवलेले असत. काही मोडेम असे होते की त्यांच्यात स्वतःची अक्कल जवळजवळ नसायचीच. सगळं डोकं विंडोजमधल्या प्रोग्रामचं, मोडेम नुसता हमाल. लिनक्सवर तो मोडेम म्हणजे खिळा ठोकून बसवलेला पत्रा. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये असा भाग काढून दुसरा घालता येतो. लॅपटॉपमध्ये जे आत आलं ते आलं. म्हणून लिनक्ससाठी लॅपटॉप निवडणं म्हणजे सोयरीक जुळवण्यासारखं. नुसतं मुलीचं तोंड बघून चालत नाही, घर बघावं लागतं.

हे सगळं मला एका गिऱ्हाइकानं शिकवलं. ते गिऱ्हाईक म्हणजे धुळ्याचे बोरसे वकील.

एका दुपारी एसटीनं धुळ्याहून एक जोडपं दुकानात आलं. साठीच्या आसपासचे उंच गृहस्थ, काळा कोट घडी करून हातावर टाकलेला, डोळ्यांवर गडद चष्मा. त्यांचा दुसरा हात बाईंच्या खांद्यावर होता. बाई बुटक्या, डोक्यावर पदर, चेहरा शांत. पायरी आली की त्या खांदा किंचित वर उचलायच्या आणि वकील पाय उचलायचे. दोघं एकमेकांशी काही न बोलता दुकानात शिरले.

"मी बोरसे, धुळ्याला वकिली करतो," ते म्हणाले. "ही सुमन. सगळे हिला अक्का म्हणतात. तिला काही विचारू नका ताई, डॉक्टरांनी तिचं बोलणं बंद केलंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमानं सांगते. चाळिशीत काचबिंदूनं त्यांची दृष्टी गेली. वकिली सुटली असती, पण अक्कांनी सुटू दिली नाही. अक्का शिंदखेड्याच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. इंग्रजी वाचता येई, पण कळत नसे. त्यांनी अक्षर न अक्षर लावत नवऱ्याला कोर्टाची कागदपत्रं वाचून दाखवायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं, दिवसाचे कितीतरी तास, मोठ्या आवाजात. हळूहळू त्यांना इतकं कळायला लागलं की वाचता वाचता त्या थांबून म्हणायच्या, "हे मागच्या पानाशी जुळत नही." शेवटी घशानं दगा दिला. स्वरयंत्रावर गाठी झाल्या. ऑपरेशन झालं, ते बरं होतंय तोवर पुन्हा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी बजावलं की आता मी सांगेपर्यंत एक शब्द नाही, कुजबूजसुद्धा नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल.

"आता विचार करा," वकील म्हणाले, "ती बोलू शकत नाही आणि मला दिसत नाही. ती लिहून दाखवू शकत नाही, मी तिचे हातवारे बघू शकत नाही. घरात दोन माणसं आहेत आणि घर मुकं आहे. ती माझ्या तळहातावर बोटानं अक्षरं काढते. पण हातावर किती लिहिणार? 'चहा' लिहिता येतो. मनातलं कसं लिहायचं?"

अक्का शोकेसमधल्या माउसकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

कोर्टाचं काम त्यांनी टाइपरायटरवर सुरू ठेवलं होतं. टाइपिंग त्यांना नजर होती तेव्हापासून येत होतं. कागदपत्रं बार रूममधले सहकारी आळीपाळीनं वाचून दाखवत. पण स्वतः टाइप केलेलं वाचणार कोण? काही आठवड्यांपूर्वी त्यांनी एका दाव्यातला अर्ज रात्रभर बसून टाइप केला आणि सकाळी न्यायाधीशांपुढे ठेवला. न्यायाधीशांनी पानं उलटून पाहिली. मग हलक्या आवाजात म्हणाले, "वकीलसाहेब, पानं कोरी आहेत." यंत्राची रिबन सुरुवातीलाच निसटली होती. अक्का त्या दिवशी घशाच्या तपासणीसाठी गेल्या होत्या, त्यामुळे घरून निघताना कागदावर कुणाची नजर पडली नव्हती.

"कुणी हसलं नाही," वकील म्हणाले. "हसले असते तर बरं झालं असतं."

त्यांनी पिशवीतून एक डबा काढून काउंटरवर ठेवला. जाडजूड पुस्तकाएवढा काळा डबा, पुढे जाळी, मागे नऊ पिनांचं सॉकेट, कडेला इअरफोन लावायची जागा. पुण्याला दिनकर नावाचे त्यांचे मित्र होते. दृष्टी गेल्यावर वकिलांनी जिथे प्रशिक्षण घेतलं, तिथे ते भेटलेले. दिनकर जन्मापासून अंध, आणि प्रोग्राम लिहायचं काम करत. हा डबा त्यांनी पाठवला होता. तारेतून अक्षरं आत पाठवली की डबा ती इंग्रजीत बोलून दाखवतो. आणि लिनक्ससाठी असा एक प्रोग्राम होता, जो पडद्यावर उमटणारं प्रत्येक अक्षर उचलून या डब्याकडे धाडायचा. प्रोग्राम फुकट, उघडा, हवा तसा बदलता येणारा.

"दिनकर म्हणतो, लिनक्स चालेल असा लॅपटॉप बघ. टेबलावरचा नको. मला तो कोर्टात न्यायचा आहे, शिंदखेड्याच्या कोर्टातही न्यायचा आहे. आणि आमच्याकडे लाइट असते कमी, जाते जास्त. पण कोणता घ्यायचा ते दिनकरला सांगता येईना. म्हणाला, मशीन प्रत्यक्ष तपासणारं माणूस शोध."

शेठ आतून ऐकत होते. ते उत्साहानं उठले. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी नुकताच एक लॅपटॉप दाखवण्यासाठी मागवला होता. वहीसारखा सपाट, चंदेरी. आख्खी नवी पेठ तो बघून गेली होती. शेठनी तो वकिलांच्या हातात दिला. "साहेब, बघा तर वजन! फुलासारखं."

वकिलांनी तो मांडीवर घेतला. आधी चारी कडांवरून बोटं फिरवली, मग कीबोर्डवर हात ठेवले. बोटं जागच्या जागी बसवली आणि थांबले. "एफ आणि जेवर उंचवटे आहेत, पण फार बारीक. आणि ही डाव्या कोपऱ्यातली कळ कंट्रोलची नाही. कंट्रोल आत सरकवलाय. माझं बोट दर वेळी चुकेल." मग मशीन उलटं करून मागची बाजू चाचपली. "ताई, नऊ पिनांची जागा कुठे आहे?"

ती नव्हती. मशीन बारीक करायच्या नादात बनवणाऱ्यानं सगळी जोडणी एका वेगळ्या पट्टीत काढून ठेवली होती. ती पट्टी वेगळी घ्यायची, वेगळी बाळगायची, दर वेळी चाचपून जोडायची. मी माझी सीडी घालून लिनक्स सुरू करून पाहिलं. मोडेम त्या बिनडोक जातीचा. आवाजाची चिप लिनक्सला ओळखता येईना. झाकण बंद करून उघडलं तर मशीन झोपलं ते उठेचना.

"शेठ, हा यांच्या कामाचा नाही," मी म्हटलं.

शेठनी गिऱ्हाइकासमोर माझ्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर पुढचं बोलली नसती. पण मग त्यांनी लॅपटॉप उचलला, फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "नाही तर नाही. सुंदर आहे, कुणीतरी घेईलच."

माझ्या डोक्यात मात्र दुसरंच मशीन घोळत होतं. मागच्या खोलीत, कपाटाच्या वर. एका बियाणं विकणाऱ्या माणसाचा लॅपटॉप, जीपमधून पडून आमच्याकडे आलेला. जाड, काळा, विटेसारखा जड. आतलं सगळं शाबूत, पडदा तेवढा गेलेला. मधोमध तडा आणि त्यातून शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरलेला. नवा पडदा घालायचा तर खर्च नव्या मशीनच्या जवळपास गेला असता, म्हणून मालकानं तो आम्हालाच देऊन टाकला होता. मी तो कंटाळा आला की जोडून बघायची. बाहेरचा मॉनिटर लावला की लिनक्स त्यावर तक्रार न करता चाले. त्यातले सगळे भाग जुन्या, सरळ, ओळखीच्या वळणाचे. आणि मागच्या बाजूला नऊ पिनांचं सॉकेट, मशीनच्या अंगातच, स्क्रूसकट.

मी तो आणून वकिलांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पुन्हा तसंच केलं. कडा, कीबोर्ड, पाठ. कीबोर्डच्या कळा खोल दाबल्या जात, दर कळेचा टक् असा आवाज येई. त्यांनी न थांबता काहीतरी भराभर टाइप केलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर टाइपरायटरच्या जुन्या ओळखीचं समाधान पसरलं.

"हाई मन्हा हातले बरं लागस," ते अक्कांकडे वळून म्हणाले. मग मला, "ताई, हा माझ्या हाताला बरा वाटतोय. यात खोट काय?"

"पडदा फुटलेला आहे," मी म्हटलं.

वकिलांनी तड्यावरून बोट फिरवलं. आणि मग वकील हसायला लागले. मोठ्यानं, खांदे हलवत. "ताई, खोट असावी तर अशी! पडदा मला कसाले? तुम्हीच ठेवून घ्या."

हसले नाहीत ते शेठ. त्यांनी मला आत बोलावलं. "ताई, हे मी विकणार नाही. उद्या गाव म्हणेल, पारसनं आंधळ्या माणसाच्या गळ्यात फुटकं मशीन मारलं. तीन पिढ्यांचं दुकान आहे."

"पण त्यांना हेच उपयोगाचं आहे."

"गावाला ते कोण समजावणार?"

दारात पावलं वाजली. अक्का आत आल्या होत्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं. त्या शेठपुढे येऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी बाहेर, नवऱ्याकडे बोट केलं. वकील अजून टाइप करत होते. बंद मशीनवर, नुसत्या कळांच्या आवाजासाठी. अक्कांनी शेठना हात जोडले.

शेठनी चष्मा काढला, पुसला. "बरं," ते म्हणाले. "पण विकत नाही. दुकानाची आठवण म्हणून देतो. ताई, तुमची मजुरी तेवढी लावा." मी ती लावली नाही. शेठनीही विचारलं नाही.

पुढचे काही दिवस मी दुकानात बाहेरचा मॉनिटर लावून लिनक्स घातलं, बोलणारा प्रोग्राम बसवला. डबा काही बोलेना. तार बदलून पाहिली, डबा दुसऱ्या मशीनला लावून पाहिला. तिथे बोलायचा. एसटीडी बूथवरून दिनकरना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "मशीनला इन्फ्रारेड आहे का? बाजूला लहानसं लाल काळपट भिंग?" होतं. ते बिनतारी जोडणीचं भिंग सॉकेटच्या वाट्याची जागा अडवून बसलं होतं. दोघांसाठी आत एकच खोली, आणि भिंगानं कडी लावून घेतलेली. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन मी भिंग बंद केलं. मशीन पुन्हा चालू केलं आणि डब्यातून खर्जातला परदेशी आवाज आला, "लॉगिन." बाहेर काउंटरवर शेठ एका केळीच्या व्यापाऱ्याला प्रिंटर दाखवत होते. ते प्रिंटर तिथेच सोडून आत धावत आले.

मी मशीन घेऊन धुळ्याला गेले. वकिलांचं घर साधं, दोन खोल्यांचं, पुढे ओटा. वकिलांना शिकवायला वेळ लागला नाही. कळ दाबली की अक्षर ऐकू येई, ओळ संपली की ओळ ऐकू येई. त्यांनी एक वाक्य टाइप केलं, त्यात मुद्दाम चूक केली, ऐकली, दुरुस्त केली आणि पुन्हा ऐकली. मग कितीतरी वेळ ते एकाच वाक्यात एकच चूक करत आणि ती दुरुस्त करत बसले. मी अडवलं नाही.

ते पाणी प्यायला आत गेले तेव्हा अक्का मशीनसमोर येऊन बसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी एका बोटानं, कळा शोधत शोधत, इंग्रजी अक्षरांत अहिराणी लिहिलं. तेवढ्यात वकील दारात आले आणि डबा बोलला, "बुक लॅग्नी शी का?"

वकील दारातच थांबले. "काय?"

अक्कांनी पुन्हा तीच ओळ वाजवली. "बुक लॅग्नी शी का?"

भूक लागनी शे का? भूक लागली आहे का? त्या डब्याला इंग्रजीच येत होतं, म्हणून s-h-e असं लिहिलेल्या 'शे'चं त्यानं 'शी' करून टाकलं होतं. वकिलांना अर्थ लागायला जरा वेळ लागला. मग ते चाचपत आले, खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"लागनी शे," ते म्हणाले. "तुले?"

अक्कांनी 'माले बी' असं टाइप केलं. मलाही. डबा म्हणाला, "मेल बाय."

मग मात्र ते असे हसले की त्यांना खुर्ची सोडवेना. अक्का तोंडावर पदर धरून हलत होत्या, आवाज मात्र येऊ देत नव्हत्या. आणि मग त्या लिहायला लागल्या. एक बोट, दुसरं बोट, चुका तशाच. मी उठून ओट्यावर जाऊन बसले. आतून त्या परदेशी खर्जातली अहिराणी येत राहिली, आणि मधूनमधून वकिलांचा आवाज. "हां. हां. मग? तू तवय का नही सांगनी?" तेव्हाच का नाही सांगितलंस?

अचानक डबा गप्प झाला. वकिलांची हाक आली, "ताई, काय व्हयनं?"

आत जाऊन पाहिलं तर मशीन चालू, डब्याचा दिवा त्याच्या आतल्या बॅटरीवर चालू, तार जागेवर, आणि आवाज नाही. मी गोंधळले. अक्कांनी माझा हात धरून वर बोट दाखवलं. छताचा पंखा थांबत होता. लाइट गेली होती. त्यांनी पंख्याकडे आणि मग डब्याकडे बोट केलं, पुन्हा पुन्हा. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाइट गेली की मशीन बॅटरीवर येत होतं, आणि बॅटरी वाचवायला ते सॉकेटचा वीजपुरवठा तोडत होतं. आमच्या दुकानात जनरेटर असल्यानं ही खोड तिथे कळलीच नव्हती. कोर्टात कळली असती. तीही एक सेटिंग होती. पडदा बघायची सोय नव्हती, म्हणून पाठ असलेली आज्ञा टाइप करून मी ती बदलली आणि डबा अक्कांच्या अर्ध्या राहिलेल्या वाक्यापासून पुढे बोलू लागला.

उरलं ते 'शे'चं. इथे उघड्या प्रोग्रामचं मोल मला पहिल्यांदा कळलं. दिनकरना पुन्हा फोन लावला. त्यांनी सांगितलं, प्रोग्राममध्ये अमुक ठिकाणी शब्दांची एक यादी आहे, तिच्यात कोणत्या शब्दाचा उच्चार कसा करायचा ते लिहिता येतं. मी परक्या माणसाच्या प्रोग्राममध्ये पहिल्यांदाच हात घातला आणि अक्कांनी कागदावर लिहून दिले तसे शब्द भरले. डबा 'शे' म्हणू लागला, 'माले' म्हणू लागला. अक्का खूश.

आठवडाभरानं वकिलांचा फोन आला. "ताई, घोटाळा झालाय. माझ्या एका दाव्यात पक्षकार बाई आहे. विहिरीच्या पाण्याची पाळी दीर अडवतो, असा दावा. मसुद्यात जिथे जिथे इंग्रजी 'शी' आहे, तिथे तिथे डबा 'शे' म्हणतोय. शे इज द को-ओनर. शे रिसाइड्स ॲट शिंदखेडा. मन्ही पक्षकार पुरी अहिराणी व्हई गई!" मग मी एक कळ ठरवून दिली. एकदा दाबली की कोर्टाची भाषा, दुसऱ्यांदा दाबली की घरची.

त्याच विहिरीच्या दाव्याचा युक्तिवाद होता त्या दिवशी मी धुळ्यात होते. त्यांनीच बोलावलं होतं. कोऱ्या पानांनंतरचा हा त्यांचा पहिला मोठा युक्तिवाद. मी मागच्या बाकावर बसले. वकील उठले, टेबलावर तो काळा विटेसारखा लॅपटॉप, डबा खांद्यावरच्या पिशवीत, इअरफोन एका कानात. ते बोलू लागले. मध्येच एक कळ दाबत, क्षणभर ऐकत, आणि गट नंबर, तारखा, साक्षीतली वाक्यं जशीच्या तशी सांगत. त्यांच्या आवाजात घाई नव्हती. ती शेतकरी बाई पदराचं टोक मुठीत धरून ऐकत होती.

तेवढ्यात समोरचे वकील उठले. सज्जन गृहस्थ, पण पक्षकाराचं काम करणारे. "साहेब, माझी एक नम्र हरकत आहे. विद्वान मित्रांच्या कानात कुणीतरी बोलतंय. त्यांना बाहेरून सांगितलं जातंय की काय, हे कोर्टाला कळायला हवं."

न्यायाधीश विदर्भाकडचे, तरुण होते. त्यांनी विचार केला. "हरकत वाजवी आहे. बोरसेसाहेब, ते कानातलं काढता येईल का? सगळ्यांनाच ऐकू द्या."

वकिलांनी इअरफोनची पिन काढली, डबा टेबलावर ठेवला आणि वाचायची कळ दाबली. डब्याचा खर्ज कोर्टभर घुमला. इंग्रजीत, एकसुरी, स्पष्ट. मुद्दा, पुढचा मुद्दा, साक्षीदाराचा जबाब. मागचे लोक माना उंचावून बघू लागले. शेवटचा मुद्दा संपला, कोर्टाकडे केलेली मागणीही वाचून संपली. वकिलांनी कळेवरचं बोट उचलायच्या आत डबा त्याच गंभीर आवाजात पुढे म्हणाला,

"पॅनी पी ल्या. टुमना घॅसा सुकस."

सकाळी निघायच्या आधी अक्कांनी मशीनवर उघड्याच असलेल्या मसुद्याच्या तळाशी टाइप करून ठेवलं होतं. पाणी प्या, तुमचा घसा सुकतो.

न्यायाधीशांनी डब्याकडे बघितलं. "हे काय होतं?"

बोरसे वकील उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "साहेब," ते म्हणाले, "माझ्या विद्वान मित्रांची हरकत खरी आहे. मला बाहेरून सांगितलं जातं. ही माझी पत्नी आहे. ती म्हणते, पाणी प्या."

आधी समोरचेच वकील हसले. मग सगळं कोर्ट. शिपायानं तोंड फिरवलं. न्यायाधीशांनी हसू ओठांवर दाबत समोरचा पाण्याचा ग्लास शिपायाकडून खाली पाठवला. "प्या साहेब. कोर्टाची हरकत नाही." वकील पाणी प्यायले, ग्लास ठेवला आणि युक्तिवाद पुरा केला. त्या बाईला पाण्याची पाळी मिळाली, पण तो निकाल नंतरचा.

संध्याकाळी आम्ही घरी आलो. अक्का ओट्यावर वाट बघत होत्या. वकिलांनी कोट काढायच्या आधी सगळी हकिकत सांगितली, डब्याच्या आवाजाची नक्कल करून, न्यायाधीशांच्या चेहऱ्यासकट, जरी तो त्यांनी पाहिला नव्हता. अक्का ऐकता ऐकता लाजून अर्ध्या झाल्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. पण 'पॅनी पी ल्या' आलं आणि त्यांना आवरलं नाही.

त्या हसल्या. बारीक, खरखरीत, फाटक्या कापडासारखं, पण आवाज होता. कित्येक महिन्यांनी त्या घरात आलेला.

अक्कांनी घाबरून गळ्यावर हात ठेवला. वकील बोलायचे थांबले होते. एक बाही काढलेली, दुसरी तशीच. त्यांनी मान जराशी कलती केली, जिकडून आवाज आला त्या बाजूला, आणि तशीच ठेवली. मग अगदी हळू, जणू मोठ्यानं बोललं तर तो आवाज परत जाईल, ते मला म्हणाले,

"ताई, आयकं का तुम्ही?"